एलिझाबेथ नेमकी कोणाची मुलगी?
मेफ्लॉवरवरील एका स्त्रीच्या वंशाचा साडेतीनशे वर्षांचा शोध

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील प्लिमथ या गावी ‘बरियल हिल’ नावाची जुन्या कबरींची टेकडी आहे. इंग्लंडहून १६२० मध्ये येथे आलेल्या पहिल्या वसाहतवाल्यांपैकी जॉन हाउलंड याची स्मृतिशिळा या टेकडीवर उभी आहे. त्याची पत्नी एलिझाबेथ ही जॉन टिलीची मुलगी होती, असे त्या शिळेवर कोरलेले आहे. पर्यटकाच्या दृष्टीने ही एक साधी कौटुंबिक नोंद. मात्र ही ओळ निर्विवाद ठरण्यासाठी एका हरवलेल्या हस्तलिखिताला अटलांटिक महासागर ओलांडून परतावे लागले. एलिझाबेथच्या आईचे नाव कळण्यासाठी तर १९७६ साल उजाडावे लागले.

एलिझाबेथ टिली-हाउलंड ही अमेरिकी वंशावळींतील सर्वाधिक शोधल्या जाणाऱ्या स्त्रियांपैकी एक आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट, जॉर्ज बुश आणि त्यांचे पुत्र जॉर्ज डब्ल्यू. बुश हे तीन राष्ट्राध्यक्ष तिचे वंशज. तिचे वंशज शोधणे तुलनेने सोपे ठरले. तिचे पूर्वज शोधणे मात्र अतिशय कठीण गेले. वंशावळ म्हणजे काय, ती कशाने सिद्ध होते आणि स्त्रीच्या बाबतीत ती वारंवार का तुटते, हे समजून घेण्यासाठी या शोधाइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

तेरा वर्षांची अनाथ मुलगी

मेफ्लॉवर हे जहाज १६२० च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडचा किनारा सोडून निघाले आणि नोव्हेंबरमध्ये केप कॉडजवळ पोहोचले. जहाजावर १०२ प्रवासी होते. त्यांत जॉन टिली, त्याची पत्नी आणि तेरा वर्षांची मुलगी एलिझाबेथ असे कुटुंब होते. जॉनचा धाकटा भाऊ एडवर्ड आणि त्याची पत्नी अ‍ॅन हेही सोबत होते. त्यांच्याबरोबर हेन्‍री सॅमसन आणि ह्युमिलिटी कूपर ही दोन मुले होती.

पहिल्याच हिवाळ्यात थंडी, उपासमार आणि रोगराई यांनी जवळपास निम्म्या प्रवाशांचा बळी घेतला. टिली कुटुंबातील चारही प्रौढ व्यक्ती त्यात दगावल्या. एलिझाबेथ, हेन्‍री आणि ह्युमिलिटी ही मुले तेवढी वाचली. ह्युमिलिटी पुढे इंग्लंडला परतली. हेन्‍री व एलिझाबेथ यांनी प्लिमथमध्येच आयुष्य काढले.

जॉन हाउलंड हा वसाहतीचे पहिले गव्हर्नर जॉन कार्व्हर यांच्या सेवेत या जहाजावर आला होता. वादळात तो समुद्रात फेकला गेला, पाण्यात लोंबकळणारा शिडाचा दोर हाती लागल्याने बचावला, ही हकिगत अमेरिकेत आजही सांगितली जाते. कार्व्हर यांचा १६२१ च्या वसंतात मृत्यू झाला आणि काही आठवड्यांतच त्यांची पत्नीही वारली. पुढे हाउलंड आणि एलिझाबेथ यांचा विवाह झाला. वसाहतीतील गुरांची १६२७ मध्ये वाटणी झाली, तेव्हाच्या यादीत जॉन, एलिझाबेथ आणि त्यांची दोन मुले डिझायर व जॉन यांची नावे आढळतात. या दाम्पत्याला एकूण दहा अपत्ये झाली. त्या काळी अर्भकमृत्यू सर्रास होत असत. तरीही ही दहाही मुले मोठी झाली. आजच्या असंख्य वंशजांचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे.

गव्हर्नरची नात?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हाउलंड घराण्यात वेगळीच कथा प्रचलित होती. जॉन हाउलंडची पत्नी ही गव्हर्नर कार्व्हर यांची मुलगी, किंवा काहींच्या मते नात, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात असे. ही कथा छापील पुस्तकांतही गेली होती.

तिला वरवर आधार होता. हाउलंड कार्व्हर यांच्या घरात राहत होता. आई-वडील गेल्यानंतर एलिझाबेथलाही त्याच घरात आसरा मिळाला असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. घरातला तरुण आणि घरातली मुलगी यांचा विवाह झाला, एवढीच आठवण पुढच्या पिढ्यांत उरली. ‘घरातली मुलगी’ म्हणजे गव्हर्नरची मुलगी, असा अर्थ लावणे मग फार अवघड नव्हते. त्यात एका सामान्य टिलीपेक्षा गव्हर्नरशी रक्ताचे नाते केव्हाही अधिक प्रतिष्ठेचे! वंशकथा घडताना मोठ्या नावाकडे झुकतात, हा अनुभव कोणत्याही देशातील अभ्यासकांना नवा नाही.

हरवलेले हस्तलिखित

हा समज मोडून काढणारा कागद त्या काळी अस्तित्वात होता, पण तो अमेरिकेत नव्हता. कार्व्हर यांच्यानंतर गव्हर्नर झालेले विल्यम ब्रॅडफर्ड यांनी प्लिमथ वसाहतीचा इतिहास स्वतःच्या हाताने लिहून ठेवला होता. या हस्तलिखिताच्या अखेरीस त्यांनी मेफ्लॉवरवरील प्रवाशांची कुटुंबनिहाय यादी दिली. इतकेच नव्हे तर तीस वर्षांनंतर त्यांतील कोण हयात आहे, कोणाला किती मुले-नातवंडे आहेत, याचीही नोंद केली.

हे हस्तलिखित अठराव्या शतकात बोस्टनच्या ओल्ड साउथ मीटिंग हाउसमध्ये होते. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत ते तेथून नाहीसे झाले. पुढे सुमारे ऐंशी वर्षे त्याचा पत्ता नव्हता. सॅम्युएल विल्बरफोर्स या इंग्रज धर्माधिकाऱ्याने १८४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात लंडनच्या बिशपच्या फुलहॅम पॅलेसमधील ग्रंथसंग्रहातील एका हस्तलिखिताचे उतारे घेतले होते. हे उतारे ब्रॅडफर्ड यांच्याच लेखणीतले आहेत, हे १८५५ मध्ये बोस्टनच्या अभ्यासकांच्या ध्यानात आले. मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने १८५६ मध्ये संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला. मूळ हस्तलिखित १८९७ मध्ये मॅसॅच्युसेट्सला परत मिळाले.

ब्रॅडफर्ड यांची नोंद निःसंदिग्ध होती. जॉन हाउलंडने जॉन टिलीच्या एलिझाबेथ या मुलीशी विवाह केला आणि दोघेही अद्याप हयात आहेत, असे त्यांनी नमूद केले होते. ब्रॅडफर्ड या कुटुंबाला रोज पाहत होते. ते ना त्यांचे नातेवाईक होते, ना त्यांना त्यांची प्रतिष्ठा वाढविण्यात काही रस होता. समकालीन आणि निःस्वार्थी साक्षीदाराचा लेखी पुरावा हा कौटुंबिक आठवणीहून श्रेष्ठ, हा वंशशोधाचा पहिला नियम येथे लागू पडला. गव्हर्नरचे नाते गळून पडले.

मात्र याच यादीने दुसरा प्रश्न उभा केला. एडवर्ड टिलीच्या पत्नीचे नाव ब्रॅडफर्ड यांनी ‘अ‍ॅन’ असे दिले आहे. जॉन टिलीच्या नोंदीत मात्र केवळ ‘आणि त्याची पत्नी’ एवढेच शब्द आहेत. एलिझाबेथचा पिता ठरला. आई निनावीच राहिली.

हेन्लो गावची नोंदवही

टिली कुटुंब इंग्लंडमधील कोणत्या गावचे, हे ब्रॅडफर्ड यांनी लिहिलेले नाही. मेफ्लॉवरचे अनेक प्रवासी इंग्लंडमधील धर्मछळामुळे आधी हॉलंडमधील लायडन शहरात जाऊन राहिले होते. तेथील एका विवाहनोंदीत टिलीसारखे नाव आढळल्याने काही जुन्या लेखकांनी जॉन टिलीची पत्नी डच असल्याचे मानले. केवळ नावाच्या साधर्म्यावर आधारलेला हा निष्कर्ष पुढे टिकला नाही.

इंग्लंडमध्ये शोध घ्यायचा तर साधन एकच होते, चर्चच्या नोंदवह्या. आठव्या हेन्‍रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा आदेश दिला. एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत, १५९८ मध्ये, जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवून काढण्याचे फर्मान निघाले. त्यामुळेच सोळाव्या शतकातील अगदी साध्या शेतकऱ्याचा जन्म-मृत्यूही आज काही ठिकाणी सापडू शकतो. पण इंग्लंडमध्ये अशी हजारो धर्मग्रामे आहेत आणि जॉन हे नाव तर घरोघरी! टिली हे आडनावही टिली, टिल्ये, टायली असे कसेही लिहिले जाई. अशा स्थितीत एखाद्या गावात ‘जॉन टिली’ सापडला, म्हणून तो मेफ्लॉवरवरचाच ठरत नाही.

रॉबर्ट ली वॉर्ड या अभ्यासकांनी ‘द अमेरिकन जीनिऑलॉजिस्ट’ या नियतकालिकात १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखाने हा गुंता सोडविला. त्यांच्या लेखात एका माणसाची ओळख पटविलेली नव्हती, तर मेफ्लॉवरवरील सात प्रवाशांची एकत्रित ओळख पटविली होती. हे सातही जण बेडफर्डशायर परगण्यातील हेन्लो या लहानशा गावाशी जोडलेल्या कुटुंबांतले होते.

ब्रॅडफर्ड यांनी हेन्‍री सॅमसन आणि ह्युमिलिटी कूपर यांना एडवर्ड टिली दाम्पत्याचे ‘कझिन’ म्हटले आहे. आजच्या इंग्रजीत या शब्दाने चुलत, आते, मामे, मावस भावंडे सूचित होतात. सतराव्या शतकात मात्र भाचा, भाची, पुतण्या, पुतणी यांनाही सर्रास ‘कझिन’ म्हणत. भाचा आणि पुतण्या यांच्यासाठी वेगवेगळे शब्द असलेल्या मराठी वाचकाला हा घोळ चमत्कारिक वाटेल. पण इंग्रजी वंशावळींत त्याने अनेकांना चकविले आहे. हेन्लोच्या नोंदींत एडवर्ड टिलीचा विवाह १६१४ मध्ये अ‍ॅग्नेस कूपर हिच्याशी झाल्याचे आढळते. अ‍ॅग्नेस आणि अ‍ॅन ही त्या काळी एकाच नावाची दोन रूपे मानली जात. या अ‍ॅग्नेसची बहीण मार्था कूपर ही जेम्स सॅमसनची पत्नी, आणि त्यांचा मुलगा हेन्‍री. ह्युमिलिटी ही अ‍ॅग्नेसच्या भावाची मुलगी. म्हणजे ब्रॅडफर्ड यांचे ‘कझिन’ हे प्रत्यक्षात मावशीसोबत निघालेला भाचा आणि आत्यासोबत निघालेली भाची होते.

एक नाव जुळले तर तो योगायोग असू शकतो. टिली, कूपर, सॅमसन ही तीन आडनावे, त्यांच्यातील विवाहसंबंध आणि मुलांची वये हे सारे एकाच लहान परिसरात एकाच वेळी जुळावे, हा योगायोग नव्हे. व्यक्तीचा नव्हे, तर तिच्या सोबत्यांच्या साऱ्या गोतावळ्याचा माग काढायचा, ही आधुनिक वंशशोधाची पद्धत. वॉर्ड यांच्या लेखात ती पुरेपूर फळाला आली.

आई सापडली

हेन्लोच्या नोंदीनुसार जॉन टिलीचा बाप्तिस्मा १९ डिसेंबर १५७१ रोजी झाला. त्याच्या पित्याचे नाव रॉबर्ट. जॉनचा विवाह २० सप्टेंबर १५९६ रोजी झाला आणि वधूचे नाव होते जोन. ही जोन थॉमस रॉजर्स नावाच्या गृहस्थाची विधवा होती. थॉमसशी तिचा विवाह १५९३ मध्ये झाला होता आणि त्यांना जोन नावाचीच एक मुलगी होती. जोनचे माहेरचे आडनाव हर्स्ट. तिच्या वडिलांचे नाव विल्यम.

या एका स्त्रीच्या बाबतीत शोधकर्त्यासाठी किती सापळे होते, हे पाहण्यासारखे आहे. जन्मतः ती जोन हर्स्ट, पहिल्या विवाहानंतर जोन रॉजर्स, दुसऱ्या विवाहानंतर जोन टिली. पहिला विवाह नजरेतून सुटला असता तर रॉजर्स हेच तिचे माहेर समजले गेले असते आणि पुढची सारी वंशावळ भलत्याच घराण्यात गेली असती. त्यात मेफ्लॉवरवर थॉमस रॉजर्स नावाचा एक प्रवासीही होता. त्याचा या जोनच्या पहिल्या पतीशी काहीही संबंध नाही.

सापळे एवढ्यावर संपत नाहीत. जॉन आणि जोन यांना पाच अपत्ये झाली. त्यांत ‘रोझ’ नावाच्या दोन मुली आहेत. पहिली लहानपणीच वारली, म्हणून नंतरच्या मुलीला तेच नाव दिले गेले. त्या काळच्या इंग्लंडमध्ये हा प्रघात होता. तो ठाऊक नसेल तर एका व्यक्तीचा जन्म आणि दुसरीचा विवाह एकत्र जोडला जाऊ शकतो. शिवाय, इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. जोनचा बाप्तिस्मा १३ मार्चचा आहे. नोंदवहीच्या हिशेबाने ते वर्ष १५६७, आजच्या हिशेबाने १५६८. अशा तारखा अभ्यासक ‘१५६७/८’ अशा लिहितात. हा फरक लक्षात न घेतल्याने एखादे मूल आई-वडिलांच्या विवाहाआधी जन्मल्याचे दिसते आणि बरोबर असलेला पुरावा चुकीचा म्हणून बाजूला पडतो.

पाच भावंडांत एलिझाबेथ सर्वांत धाकटी. तिचा बाप्तिस्मा हेन्लोमध्ये ३० ऑगस्ट १६०७ रोजी झाला.

मृत्युपत्राची साक्ष

हेन्लोची ही बालिका आणि प्लिमथची एलिझाबेथ हाउलंड एकच, याला आणखी एक स्वतंत्र पुरावा होता, आणि तो खुद्द एलिझाबेथनेच मागे ठेवलेला. जॉन हाउलंड १६७३ मध्ये वारला. आयुष्याच्या अखेरीस एलिझाबेथ आपली मुलगी लिडिया ब्राउन हिच्याकडे स्वान्सी येथे राहत होती. तेथे १७ डिसेंबर १६८६ रोजी तिने मृत्युपत्र केले. त्यात आपले वय एकोणऐंशी असल्याचे तिने नमूद केले आहे. १६८६ मधून एकोणऐंशी वजा केले की १६०७ उरतात. महासागराच्या दोन तीरांवर, ऐंशी वर्षांच्या अंतराने लिहिलेले दोन कागद एकमेकांशी तंतोतंत जुळले.

या मृत्युपत्रातून तिच्या संसाराचेही दर्शन घडते. पिसांची गादी, चादरी, पेट्या, आरसा, पितळी किटली, अंथरूण उबदार करण्याचे भांडे, मेंढ्या अशा वस्तूंची तिने मुला-नातवंडांत वाटणी केली. लिडियाला तिने आपले छोटे बायबल आणि लायडनच्या मंडळीचे धर्मगुरू जॉन रॉबिन्सन यांचे पुस्तक दिले. वंशावळ अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र या कागदाचे मोल वस्तूंत नसून नावांत आहे. विवाहित मुली आणि नाती यांची नावे सासरच्या आडनावांसह त्यात आल्याने पुढच्या पिढ्यांचे दुवे पक्के झाले. वर्षभराने, डिसेंबर १६८७ मध्ये एलिझाबेथचे निधन झाले. तिची कबर आज ऱ्होड आयलंड राज्यातील ईस्ट प्रॉव्हिडन्स येथील लिटल नेक दफनभूमीत आहे.

स्त्रिया कागदोपत्री कोठे सापडतात?

वसाहतकालीन अमेरिकेतील स्त्रीचा माग काढणे पुरुषापेक्षा अवघड जाते, याची कारणे त्या काळच्या कायद्यात आहेत. इंग्रजी कायद्यानुसार विवाहानंतर स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व पतीत विलीन होत असे. जमीन पतीच्या नावावर, कर पतीच्या नावावर, मतदान पतीचे. अमेरिकेत १७९० पासून दहा वर्षांनी जनगणना होऊ लागली. पण १८४० पर्यंत तिच्यात केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहिले जाई. पत्नी, मुली या फक्त आकड्यांत. सर्व मुक्त व्यक्तींची नावे १८५० पासून नोंदविली जाऊ लागली.

अशा वेळी अभ्यासक आडवाटेने जातात. पित्याच्या मृत्युपत्रात विवाहित मुलीचा उल्लेख तिच्या नव्या आडनावाने येतो. पतीने जमीन विकली तर त्या जमिनीवरील पत्नीचा वैधव्यकालीन हक्क सोडण्यासाठी तिची सही किंवा अंगठ्यासारखी खूण खरेदीखतावर घेतली जाई. चर्चच्या सभासद-याद्यांत स्त्रिया स्वतःच्या नावाने आढळतात. थडग्यांवर ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची विधवा’ असे कोरलेले असते. मुलांना दिलेली नावेही सूचक ठरतात. आजोळचे आडनाव अनेकदा नातवाचे पहिले नाव म्हणून अवतरते. यांतील एकही पुरावा एकट्याने पुरेसा नसतो. चार-पाच पुरावे एकाच दिशेने बोट दाखवू लागले की निष्कर्षाला बळ येते.

मेफ्लॉवरच्या वंशजांची संघटना १८९७ मध्ये स्थापन झाली. तिचे सभासदत्व मिळविण्यासाठी स्वतःपासून मेफ्लॉवरच्या प्रवाशापर्यंत प्रत्येक पिढीचा दुवा कागदपत्रांनी सिद्ध करावा लागतो. घरातील कथा, आडनावाचे साम्य किंवा दुसऱ्या कोणी केलेली वंशावळ पुरावा म्हणून चालत नाही.

विकत मिळणारे पूर्वज

एवढी कडक शिस्त का, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सापडते. त्या काळात धनिक अमेरिकी कुटुंबांना इंग्लंडमधील सरदार घराण्यांशी नाते हवे होते आणि ते पुरविणारे व्यावसायिकही होते. स्वीडनहून आलेला गुस्ताव्ह अँजू हा त्यांतला सर्वांत कुप्रसिद्ध. खऱ्या कागदपत्रांत बनावट मृत्युपत्रे आणि नोंदी मिसळून त्याने अनेक वंशावळी तयार करून विकल्या. त्याच्या चुका आजही छापील ग्रंथांतून आणि संगणकावरील वंशवृक्षांतून नकलल्या जातात.

प्रत्येक चूक लबाडीतून होते असेही नाही. मेफ्लॉवरवरील स्टीफन हॉपकिन्स याची पहिली पत्नी कॉन्स्टन्स डडली होती, असे बराच काळ छापले गेले. केलेब जॉन्सन यांनी १९९८ मध्ये हॅम्पशायरमधील हर्स्ली गावच्या नोंदी प्रकाशात आणल्या, तेव्हा ती पत्नी मेरी नावाची असल्याचे स्पष्ट झाले. शेकडो वंशवृक्षांतून एक पूर्वज त्या दिवशी पुसली गेली आणि दुसरी आली.

दुसऱ्या बाजूला, खरोखरच राजवंशापर्यंत जाणारी उदाहरणेही आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये १६३७ मध्ये धर्मविषयक मतांमुळे खटला होऊन हद्दपार झालेली अ‍ॅन हचिन्सन ही लिंकनशायरमधील आल्फर्डचे धर्मगुरू फ्रान्सिस मार्बरी यांची मुलगी. तिची आई ब्रिजेट ड्रायडन हिच्या घराण्यातून तिचा वंश इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्यापर्यंत पोहोचतो, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. हा शोध शक्य झाला, कारण जमीनदार घराण्यांच्या वंशावळी, खरेदीखते आणि वारसाहक्काचे दावे जपले गेले होते. एलिझाबेथ टिलीचे आजोबा साधे गावकरी. त्यांच्यामागे फारसे कागद नाहीत. एखाद्या स्त्रीचा वंश किती मागे नेता येतो, हे तिच्या कर्तृत्वावर नव्हे, तर तिच्या पूर्वजांकडे किती जमीन होती यावर बव्हंशी अवलंबून राहते.

डीएनएची मर्यादा

जनुकीय चाचण्यांमुळे वंशशोधात नवे साधन आले आहे. मायटोकॉन्ड्रियल डीएनए हा केवळ आईकडून अपत्याकडे जातो. एलिझाबेथला सहा मुली होत्या. तिची मुलगी, त्या मुलीची मुलगी अशा अखंड स्त्रीपरंपरेतून जन्मलेल्या आजच्या व्यक्तीत हा डीएनए जवळपास तसाच उतरलेला असणार. म्हणजेच जोन हर्स्टचाही. अशा दोन स्वतंत्र परंपरांतील व्यक्तींचे नमुने जुळले तर कागदोपत्री दुव्यांना दुजोरा मिळतो, आणि न जुळल्यास कोठेतरी चूक आहे हे कळते.

मात्र डीएनए नाव सांगत नाही, गाव सांगत नाही, विवाहाची तारीखही सांगत नाही. शिवाय सर्वसाधारण चाचणीतील डीएनए दर पिढीला निम्मा होत जातो. बारा पिढ्यांपूर्वीच्या एका पूर्वजाचा वाटा सरासरीने चार हजार शहाण्णवांश उरतो. प्रत्यक्षात अनेकदा काहीच उरत नाही. त्यामुळे मेफ्लॉवरइतक्या जुन्या नात्यात चाचणी ही कागदपत्रांना पूरक ठरते, पर्याय नव्हे.

ज्यांचा माग लागत नाही

एलिझाबेथचा शोध यशस्वी झाला, याचे श्रेय चिकाटीला आहे, तितकेच नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेलाही. ही व्यवस्था वसाहतीतील प्रत्येक स्त्रीच्या वाट्याला आली नाही. बोस्टनमध्ये १७६१ मध्ये सात-आठ वर्षांची एक आफ्रिकी मुलगी गुलाम म्हणून विकली गेली. ज्या जहाजातून तिला आणले त्याचे नाव ‘फिलिस’, विकत घेणाऱ्या कुटुंबाचे आडनाव व्हीटली. पुढे १७७३ मध्ये लंडनमध्ये जिचा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला, त्या फिलिस व्हीटलीच्या नावातील दोन्ही शब्द तिच्या आई-वडिलांनी दिलेले नव्हते. तिचे मूळ नाव आणि तिच्या आईचे नाव कोणत्याही नोंदवहीत नाही.

गुलामगिरीत असलेल्या स्त्रियांची नोंद १८५० आणि १८६० च्या जनगणनेत मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि वर्ण एवढ्यापुरतीच केली जाई. नाव सहसा लिहिलेच जात नसे. गुलामगिरी संपल्यानंतर १८७० च्या जनगणनेत ही माणसे प्रथमच देशभर नावानिशी आली. त्यामागे जाण्यासाठी वंशजांना मालकांची मृत्युपत्रे, मालमत्तेच्या याद्या आणि विक्रीचे करार चाळावे लागतात. आपली पणजी त्यांना गुरे आणि अवजारे यांच्या रांगेत, किमतीसह सापडते.

या पार्श्वभूमीवर हेन्लोच्या नोंदवहीतील काही ओळींचे महत्त्व अधिक जाणवते. जोन हर्स्ट बावन्न वर्षांची असताना धाकट्या मुलीला घेऊन मेफ्लॉवरवर चढली आणि काही महिन्यांतच परक्या किनाऱ्यावर मरण पावली. तिच्या सहप्रवाशाने लिहिलेल्या इतिहासात ती ‘त्याची पत्नी’ एवढीच उरली. तिच्या मुलीच्या वंशातून राष्ट्राध्यक्ष निपजले, वंशजांच्या संघटना उभ्या राहिल्या, स्मृतिशिळेवर पतीचे नाव कोरले गेले. तरी ती कोण होती हे कोणालाच सांगता येत नव्हते. गावच्या चर्चमधील कारकुनाने १५६८ च्या मार्चमध्ये तिचा बाप्तिस्मा आणि पुढे तिचे दोन विवाह आपल्या वहीत टिपून ठेवले होते. त्या नोंदींच्या बळावर, मृत्यूनंतर साडेतीनशेहून अधिक वर्षांनी, तिला स्वतःचे नाव परत मिळाले.